तूही तीस टक्क्यांतलीच

अगं, तुझा फोन झाल्यापासून मनात घोळतंय, म्हणून लिहितेय. रागावू नकोस. जिल्हा परिषदेत लागून तुला अजून वर्षही झालं नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरीला तू ‘कोट्यातली’ म्हणालीस.

तुझी नेमणुकीची ऑर्डर काढून बघ. ‘खुला – महिला’ असंच लिहिलंय ना? आपल्या राज्याच्या सरकारी नोकरीत बायकांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्यातली ती एक. तुझा कटऑफ पुरुषांच्या खाली होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पेढे वाटताना कुणी तुझी गुणवत्ता काढली का?

वर तू म्हणालीस, कॅटेगरीची असून ती ओपनच्या जागेवर बसली. बाई गं, ओपन जागा काही आपल्या जातीच्या नावावर केलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय: खुल्या महिला जागेवर गुणांनुसार कुठल्याही जातीच्या बाईचा हक्क आहे. ती त्या जागेवर आली ती गुणांवर. मग जातीचा कोटा कुठला?

२०२३-२४ मध्ये आपल्याच घरातली पोरं मराठा आरक्षणासाठी रस्त्यावर होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा कायदा झाला. तेव्हा आरक्षण वाईट, असं आपल्या अंगणात कुणीच म्हटलं नाही. आपण मागितलं की हक्क आणि तिला मिळालं की मेहरबानी, हे मला पटत नाही.

१९९० मध्ये मंडल आयोगानं सुचवलेल्या आरक्षणाविरुद्ध दिल्लीत शिकलेल्या मुलीही उतरल्या होत्या. काहींच्या हातातल्या पाट्यांवर होतं, आम्हाला बेकार नवरे नकोत. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी त्यावर लिहिलंय. आपली स्वतःची नोकरी जाईल, ही भीती त्या पाट्यांवर नव्हती. आणि मंडलमुळे ज्या पोरांना नोकऱ्या लागणार होत्या, त्यांच्यातला कुणी आपला नवरा होऊ शकतो, हे तर मनातही आलं नसावं. मला ते वाचून फार वाईट वाटलं. बाईला जातीनं किती आतून बांधलेलं असतं!

आणि हिंगोलीत खोली शोधायला आपण दोघी गेलो होतो ना? आडनाव ऐकलं आणि मालकीणबाईंनी चहा टाकला. तूच सांगितलंस की तिला आडनाव ऐकून तीन दारांवरून परत पाठवलं, म्हणून ती रोज सेनगावहून एसटीनं येते. तुला मिळालेल्या या सवलतीसाठी ना अर्ज लागला, ना जातीचा दाखला, ना व्हॅलिडिटीचे खेटे.

उद्या डब्याच्या वेळी कुणी तिला ‘कोट्यातली’ म्हटलं, तर मान खाली घालून जेवू नकोस. ‘मीही तीस टक्क्यांतलीच आहे, सर,’ एवढं सगळ्यांसमोर बोल. आज तिला बोलणारे उद्या तुझ्या बढतीच्या वेळी ‘बायकांचं काय, सोपं असतं’ म्हणतीलच.

तुझ्या शेजारची खोली अजून रिकामी आहे म्हणालीस. मालकीणबाईंशी मी बोलते. तू तिला विचार, येते का.