गोठवलेल्या मलनमुन्यांतील प्रतिरोधी जिवाणूंचा शोध

मलपरीक्षा हा विषय स्मरणिकेच्या पानांवर काहींना अप्रशस्त वाटेल. तथापि जेथे मुले एकत्र राहतात, एका पंगतीत जेवतात, तेथे तो टाळण्याजोगा नाही. म्हणून त्याची थोडी ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू निरोगी माणसाच्या आतड्यातही निमूटपणे नांदतात आणि प्रतिरोधाची जनुके शेजारच्या निराळ्या जातीच्या जिवाणूंना देऊ शकतात. २००८ साली स्वीडनमधील भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या मूत्रात असा क्लेब्सिएला जिवाणू सापडला. त्याच रुग्णाच्या मलातील ई. कोलाय जिवाणूतही तेच जनुक मिळाले. तो नवी दिल्लीत उपचार घेऊन परतला होता, म्हणून संबंधित विकराच्या नावात ‘न्यू दिल्ली’ आले. नावावरून आपल्याकडे मोठा वाद माजला. आम्हांला मूत्र व मल यांतील ते साम्य अधिक विचारार्ह वाटते.

सर्वेक्षणातील सारे नमुने एकाच दिवशी तपासता येत नाहीत; ते बहुधा उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींना इजा करतात व काही जिवाणू मरतात. ग्लिसरॉल मिसळल्यास ही हानी घटते. मात्र नमुना पुन्हापुन्हा वितळवणे घातकच. वितळलेला नमुना सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक घातलेल्या मॅकॉन्की अगारवर पसरून सुमारे ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. तेथे साधा ई. कोलाय वाढत नाही. प्रतिरोधी असल्यास त्याच्या गुलाबी वसाहती दिसतात.

खरी अडचण कोऱ्या बशीची. जिवाणू नव्हतेच, की थोडे होते आणि गोठवणीत मेले, हे तिच्यावरून सांगता येत नाही. म्हणून कित्येकदा नमुना आधी पोषक द्रवात वाढवून घेतात. त्यामुळे थोडे जिवाणूही हाती लागतात, पण मुळात ते किती होते हे कळत नाही. पीसीआरने जनुक शोधावे, तर मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही सापडतो. तेव्हा अमुक टक्के मुले ‘वाहक’ आहेत असा अहवाल हाती आल्यास नमुने कसे साठवले व कोणत्या रीतीने तपासले, हे पालकांनी अवश्य विचारावे.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. निरोगी वाहकाला सहसा औषध देत नाहीत. पुष्कळांच्या आतड्यातून हे जिवाणू काही महिन्यांत आपोआप नाहीसे होतात. अशा मुलाचे ताट वा अंथरूण वेगळे काढण्याचे कारण नाही. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याचा नियम मात्र सर्वांना सारखाच, स्वयंपाकघरातील मंडळींनाही.