हरलेल्या उमेदवारामागे राबलेल्यांच्या हाती काय उरलं? (हॉवर्ड डीन, २००४)



बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, ज्याच्यावर विश्वास ठेवून मी दोन वर्षं राबलो, तो धंदाच बसला. माझी दोन वर्षं वाया गेली का?" कुणी नातेवाइकाच्या दुकानात भागीदार असतो, कुणी नव्या कंपनीची एजन्सी घेतलेली असते, तर कुणी मित्राच्या स्टार्टअपमध्ये अर्ध्या पगारावर काम केलेलं असतं. यावर "वाया नाही गेली, अनुभव मिळाला" असं उत्तर सगळेच देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. अनुभव म्हणजे नेमकं काय मिळालं? आणि त्याच धंद्यात राबलेल्या दुसऱ्याला काहीच का नाही मिळालं?

यासाठी आज धंद्याबाहेरचं, थेट अमेरिकेच्या राजकारणातलं उदाहरण घेऊ या. त्यांच्या पक्षांशी आपल्याला देणंघेणं नाही. आपण फक्त कामाची पद्धत बघणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे तिकीट पक्षाचे वरचे लोक देतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट कुणाला द्यायचं, यासाठीच आधी राज्याराज्यांत मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात. म्हणजे एकाच पक्षाचे आठ-नऊ जण आधी आपापसात लढतात, आणि त्यातून जो उरतो तो दुसऱ्या पक्षाशी लढतो. काही राज्यांत मतपेटीऐवजी 'कॉकस' असतो, म्हणजे चक्क सभा. त्याकडे पुढे येऊच.

२००३ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या या शर्यतीत हॉवर्ड डीन नावाचे एक डॉक्टर उतरले. व्हरमाँट या छोट्याशा राज्याचे ते माजी गव्हर्नर. राज्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. देशात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं, मोठे देणगीदारही मागे नव्हते. पण इराकमधल्या युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. पक्षातले बरेच मोठे नेते तेव्हा गुळमुळीत बोलत होते. त्यामुळे चिडलेल्या सामान्य कार्यकर्त्यांना आपला माणूस सापडला.

हे लोक एकमेकांना सापडले कसे? 'मीटअप' नावाची एक वेबसाइट तेव्हा नुकतीच निघाली होती. एकाच आवडीचे लोक आपापल्या गावात ठरलेल्या दिवशी भेटू शकतील, एवढंच तिचं काम. ती डीन यांच्या कार्यालयाने बनवलेली नव्हती, एका वेगळ्याच कंपनीची होती. २००३ च्या सुरुवातीला तिथे डीनच्या नावापुढे जेमतेम चारशे-साडेचारशे लोक होते. प्रचारप्रमुख जो ट्रिपी यांनी हे हेरलं आणि त्याला पाठिंबा दिला. वर्षअखेरीस आकडा दीड लाखाच्या पुढे गेला. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी गावोगावच्या कॉफी शॉपमध्ये, लायब्ररीत ही मंडळी जमत. टेबलावर कागद-पेनं ठेवलेली असायची. प्रत्येकाने आयोवा किंवा न्यू हँपशायर या पहिल्या दोन राज्यांतल्या एखाद्या अनोळखी मतदाराला हाताने पत्र लिहायचं: मी कोण, आणि मला डीन का पटतात. अशी हजारो पत्रं गेली.

पैशाची बाजू तर आपल्या विषयात फिट बसते. वेबसाइटवर बेसबॉलच्या बॅटचं एक चित्र असायचं. देणगी जमा होईल तशी ती बॅट खालून वर भरत जायची. जुलै २००३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचं २,००० डॉलरला एक ताट अशा जेवणाचं आयोजन होतं. त्यातून सुमारे अडीच लाख डॉलर जमणार होते. डीन यांनी काय करावं? कॉम्प्युटरसमोर बसून सँडविच खाल्लं, त्याचा फोटो वेबसाइटवर टाकला आणि लोकांना म्हणाले, या माझ्याबरोबर जेवायला. साडेनऊ हजारांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे पाच लाख डॉलर दिले, चेनींच्या दुप्पट! त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत डीन यांच्याकडे १ कोटी ४८ लाख डॉलर आले. तोपर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कुठल्याच उमेदवाराने एका तिमाहीत एवढे जमवले नव्हते. बहुतेक देणग्या शंभर डॉलरच्या आतल्या. डिसेंबरमध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनीही पाठिंबा दिला. वर्तमानपत्रांनी तर डीन यांना विजेताच ठरवून टाकलं होतं.

आणि १९ जानेवारी २००४ च्या संध्याकाळी आयोवात निकाल लागला. जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२ टक्के, डीन १८ टक्के. तिसरा नंबर.

आता वही काढा, कारण खरा धडा इथे आहे.

आयोवातला तेव्हाचा कॉकस म्हणजे काय, तर जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत संध्याकाळी आपल्या वॉर्डातल्या शाळेत किंवा चर्चमध्ये प्रत्यक्ष जायचं. आपल्या उमेदवाराच्या गटात सगळ्यांदेखत उभं राहायचं. बहुतेक ठिकाणी गट पंधरा टक्क्यांपेक्षा लहान असेल तर तो बाद व्हायचा. मग त्यातल्या लोकांना बाकीचे गट आपल्याकडे ओढायचे. म्हणजे तिथे शेजारच्या काकू, मुलांचे शिक्षक, कोपऱ्यावरचा मेकॅनिक असेच लोक एकमेकांना पटवत असायचे. असे जवळपास २,००० वॉर्ड. संपूर्ण राज्यातून आलेले लोक सव्वा लाखाच्या आसपास.

डीन यांच्याकडे देशभरातून नाव नोंदवलेले समर्थक किती होते? सुमारे सहा लाख! पण ते सिएटलमध्ये, टेक्सासमध्ये, न्यूयॉर्कमध्ये होते. त्या रात्री आयोवातल्या शाळेत उभं राहण्याचा हक्क त्यांना नव्हताच. इन्स्टाग्रामवर पन्नास हजार फॉलोअर्स आणि दुकान मात्र अशा गल्लीत, जिथे त्यातले चाळीसच राहतात, असा हा प्रकार.

मग कमतरता भरून काढायला सुमारे ३,५०० कार्यकर्ते बाहेरून आयोवात आले. स्वतःची रजा टाकून, गोठलेल्या रस्त्यांवरून दारोदार फिरले. डोक्यावर सगळ्यांच्या नारिंगी लोकरी टोप्या. त्यांच्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दार उघडणाऱ्या आयोवाच्या माणसाला काय दिसलं? परगावचा एक अनोळखी तरुण, नारिंगी टोपीतला, या आठवड्यातला चौथा. गृहउद्योग करणाऱ्या ताईंना हे वेगळं सांगायला नको. शेजारणीने "त्यांच्याकडचे पापड घेऊन बघ" म्हटलं की काम होतं. तेच पँप्लेट घेऊन आलेल्या मुलाने म्हटलं तर बाई दार लोटून घेते.

केरी तेव्हा इतके मागे होते, की बोस्टनचं घर तारण ठेवून त्यांनी ६४ लाख डॉलरचं कर्ज प्रचारात घातलं आणि सगळा जोर आयोवावर लावला. (घर गहाण टाका असं मी सांगत नाहीये! मुद्दा पैसा कुठे लावला हा आहे.) डीन आणि डिक गेपहार्ट टीव्हीवर एकमेकांवर चिखलफेक करत बसले, त्याचाही फायदा केरी आणि एडवर्ड्स यांना झाला.

त्या रात्रीच्या भाषणात डीन जोरात ओरडले आणि त्या क्लिपने त्यांना हरवलं, असं आजही सांगितलं जातं. वेळेचा क्रम बघा. भाषण निकालानंतरचं आहे. ओरडण्याने पुढचं नुकसान वाढलं असेल, पण आयोवा ते आधीच हरले होते. त्या क्लिपमधली एक तांत्रिक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. हॉलमध्ये कार्यकर्त्यांचा प्रचंड गोंगाट होता. डीन यांच्या हातातला माईक असा होता, की तो आजूबाजूचा आवाज गाळतो आणि फक्त बोलणाऱ्याचा उचलतो. त्यामुळे हॉलमधल्या समर्थकांना काहीच वावगं वाटलं नाही, आपला नेता आपल्याच सुरात ओरडतोय एवढंच. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला मात्र एक माणूस विनाकारण किंचाळताना दिसला. वर्षभर हेच चाललं होतं. हॉलच्या आत एक आवाज, बाहेर दुसरा. मीटअपला आलेला माणूस भारावून घरी जायचा, कारण तिथे सगळे त्याच्यासारखेच.

पुढचं झटपट झालं. न्यू हँपशायरला दुसरा नंबर. जमवलेल्या सुमारे चार कोटी डॉलरमधले बहुतेक संपले होते, कर्मचाऱ्यांना दोन आठवड्यांचा पगार थांबवायला सांगावं लागलं. म्हणजे कुणीतरी पेन्शनमधून दिलेले पन्नास डॉलर टीव्हीच्या जाहिरातीत गेले. ते परत येणार नव्हते आणि आलेही नाहीत. १८ फेब्रुवारीला डीन यांनी माघार घेतली. गंमत म्हणजे २ मार्चला व्हरमाँटच्या मतदारांनी तरीही त्यांनाच निवडून दिलं. शटर ओढल्यावरही दार ठोठावणारं गिऱ्हाईक असतं ना, तसं.

आता मूळ प्रश्न. राबलेल्यांना काय मिळालं?

ज्यांनी फक्त पैसे दिले आणि टाळ्या वाजवल्या, त्यांच्याकडे आठवण उरली. त्यात कमीपणा नाही, पटलं म्हणून दिलं, हिशेब संपला. पण भांडवल म्हणून बघाल तर ते शून्य झालं.

ज्यांनी हाताने काहीतरी बनवलं, त्यांची गोष्ट निराळी. डीन यांच्या प्रचारात काम केलेल्या चार तरुणांनी २००४ मध्येच 'ब्लू स्टेट डिजिटल' नावाची कंपनी काढली. लहान देणग्या ऑनलाइन कशा घ्यायच्या, ईमेलवरून माणसं कशी जोडून ठेवायची, हे ते हरणाऱ्या प्रचारात शिकले होते. तेच त्यांनी विकायला काढलं. २००८ मध्ये ओबामांचा ऑनलाइन प्रचार याच कंपनीच्या साधनांवर चालला, आणि २०१० मध्ये डब्ल्यूपीपी या जाहिरात क्षेत्रातल्या बड्या समूहाने ती विकत घेतली. समर्थकांसाठी वेबसाइट बनवणाऱ्या काही हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी ड्रुपलवर 'डीनस्पेस' तयार केलं होतं. त्यातून पुढे संस्थांसाठीचं 'सिव्हिकस्पेस' निघालं. त्यांना विजयी उमेदवाराची गरज लागली नाही, कारण कौशल्य आणि कोड त्यांच्याच हातात होते.

आणि स्वतः डीन? त्यांनी जोडलेली माणसं सोडली नाहीत. माघारीनंतर महिनाभरातच 'डेमोक्रसी फॉर अमेरिका' ही संघटना काढून, तिच्यामार्फत स्थानिक निवडणुकांतल्या उमेदवारांना बळ द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी २००५ मध्ये ते पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले आणि पन्नासही राज्यांत स्थानिक माणसं पगारावर नेमायचं धोरण आणलं. लक्षात आलं का? आयोवात बाहेरची माणसं पाठवून हरलेला माणूस अध्यक्ष झाल्यावर जिथली तिथली माणसं नेमतो.

या आठवड्याचा होमवर्क. ज्या बसलेल्या किंवा डगमगणाऱ्या धंद्यामागे तुम्ही उभे होता, त्याचं नाव पानाच्या वर लिहा. खाली, तिथे तुम्ही स्वतःच्या हाताने काय केलं ते लिहा: बिलं, पॅकिंग, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणं, उधारी वसूल करणं, काहीही. "मी साथ दिली" हे वाक्य चालणार नाही. मग प्रत्येक कामासमोर एक नाव लिहा, तुमच्याच तालुक्यातलं, जो आज त्या कामाचे पैसे देऊ शकेल. समर्थकाचं नाही, गिऱ्हाइकाचं नाव. ज्या ओळीसमोर नाव सुचत नाही ती तशीच कोरी ठेवा. पुढच्या व्हिडिओत आपण नाव असलेल्या ओळींचं रेट कार्ड बनवणार आहोत, त्यामुळे वही समोर घेऊनच बसा.