पटकथालेखन : कला, हक्क आणि उपजीविका



चित्रपटासाठी लिहावे अशी इच्छा बाळगणारी मुले-मुली आज खेड्यापाड्यांतही भेटतात. ही इच्छा आम्हाला मोलाची वाटते. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणी नाकारली गेली, त्याची गोष्ट पडद्यावर बहुधा इतरांनीच सांगितली. ती आपण सांगायची, तर नुसती तळमळ पुरत नाही. व्यवसायाची शिस्तही अंगी बाणवावी लागते. त्या शिस्तीचे चार धडे येथे मांडत आहोत.

पहिला धडा विषयाचा. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी मराठीत एम. ए. केले, कविता लिहिल्या आणि अहमदनगर येथे जनसंज्ञापनाचे शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या वंचित मुलाच्या या कथेचा ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गौरव झाला. ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) त्यानंतरचे. आधी लहान कृती, मग मोठी, हा क्रम ध्यानी घ्यावा. आपल्या जिल्ह्यातही विषयांची वाण नाही. १९४१ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत कसबे तडवळे येथे भरलेली महार-मांग वतनदार परिषद, १९९३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले सास्तूर, दरसाल ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. वडीलधाऱ्यांना विचारून टिपणे काढावीत. त्यांच्या बोलीतील शब्द जसेच्या तसे उतरवावेत.

दुसरा धडा माध्यमाचा. पटकथेत जे दिसते व ऐकू येते तेवढेच, वर्तमानकाळात लिहावयाचे असते. साधारणतः एक पान म्हणजे पडद्यावरील एक मिनिट. ‘त्याला फार दुःख झाले’ या वाक्यातून कॅमेऱ्याला काहीच टिपता येत नाही. ‘फँड्री’त जब्याचे कुटुंब पकडलेले डुक्कर वाहून नेत शाळेच्या भिंतीपुढून जाते. भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. कोणी भाषण करीत नाही, तरी सारे उमगते.

तिसरा धडा हक्काचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण नुसत्या कल्पनेला नसते. लिहून काढलेल्या रूपाला असते. म्हणून कथा तोंडी सांगत फिरण्यापूर्वी ती सविस्तर लिहावी आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन तेथे तिची नोंद करावी. मानधनाचे हप्ते आणि श्रेयनामावलीतील नाव या बाबी लेखी करारात असाव्यात. २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात लेखकाचा समान वाटा असतो आणि तो करारानेही सोडून देता येत नाही. करार वाचल्याशिवाय सही करू नये. संकोचापोटी हक्क सोडणे ही नम्रता नव्हे.

चौथा धडा उपजीविकेचा. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान आहे, याचे स्मरण येथे अगत्याचे आहे. या क्षेत्रात नियमित मिळकत सुरू होण्यास बराच काळ लागू शकतो. घरच्यांना कर्जात लोटून मुंबई गाठू नये. आधी पदवी पूर्ण करावी. अध्यापन, पत्रकारिता, अनुवाद यांसारखे काम हाती ठेवून रोज ठरलेल्या वेळी लिहावे. पद्धतशीर शिक्षण हवे असेल, तर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवले जाते. त्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करावी.

येत्या सुटीत प्रत्येकाने दहा पानांची एक पटकथा लिहावी, सोबत्यांना वाचून दाखवावी आणि त्यांना जेथे कंटाळा आला तो भाग पुन्हा लिहावा. अर्धवट राहिलेल्या दहा कथांपेक्षा पुरी झालेली एक कथा अधिक शिकवते.