कर्करोगाचे उपचार आणि दातांची निगा

नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात गडचिरोली-चंद्रपूरपासून रुग्ण येतात. उपचारांत तोंड आले, की दर वेळी धरमपेठेत माझ्याकडे येणे त्यांना झेपत नाही. अशांना मी फोनवर सल्ला देतो. तोंडाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून पाठवावे. मऊ ब्रश वापरावा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून वरचेवर गुळण्या कराव्यात. मात्र किरणोपचारापूर्वी दात प्रत्यक्षच तपासून घ्यावेत; काढायचे असल्यास किमान २ आठवडे आधी काढावेत. जबड्यावर किरण घेतल्यावर दात परस्पर काढू नयेत. हाड कुजण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. ताप १००.४ अंशांवर गेला, रक्त थांबेना वा पाणीही गिळवेना, तर फोनवर विसंबू नये. त्वरित रुग्णालय गाठावे.