ज्ञानकोशातील नोंद कशी सुधारावी?
(बर्लिनमधील एका ऐतिहासिक रस्त्याच्या आधारे अभ्यासपाठ)



ज्ञानकोश म्हटला म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे जाडजूड खंड आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. छापील ग्रंथात राहिलेली चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते. आंतरजालावरील विकिपीडिया या ज्ञानकोशाची गोष्ट निराळी आहे. तो २००१ साली सुरू झाला, मराठीत २००३ साली आला, आणि त्यातील बहुतेक नोंदी कोणाही वाचकास सुधारता येतात. अधिकार मोठा तशी जबाबदारीही मोठी. कारण त्या नोंदीतील वाक्य उद्या एखाद्या शाळेच्या फळ्यावर जाते व तेथून मुलांच्या वहीत उतरते. वहीत उतरलेली चूक पुसणे किती कठीण असते, हे आपणांस सांगावयास नको.

उदाहरण मुद्दाम दूरचे घेतले आहे. आपल्या गावाविषयी लिहिताना अभिमान आड येतो. परक्या रस्त्याविषयी लिहिताना पुराव्यावाचून दुसरा आधार नसतो.

रस्त्याची ओळख

जर्मनीची राजधानी बर्लिन येथे ‘उंटर डेन लिंडेन’ नावाचा सुमारे दीड किलोमीटर लांबीचा रस्ता आहे. नावाचा अर्थ ‘लिंडन वृक्षांखाली’ असा आहे. १५७३ साली राजवाड्यापासून पश्चिमेकडील शिकारीच्या रानापर्यंत येथे घोडेवाट आखण्यात आली. १६४७ साली ब्रांडेनबुर्गचा अधिपती फ्रीडरिश विल्हेल्म याने तीवर लिंडन व अक्रोड यांच्या रांगा लावण्याची आज्ञा दिली. पश्चिम टोकाचा ब्रांडेनबुर्ग दरवाजा १७९१ साली पुरा झाला. १९६१ ते १९८९ या काळात बर्लिनची भिंत त्या दरवाजालगत उभी असल्याने हे टोक रहदारीस बंद होते.

आता या रस्त्याच्या नोंदीत पुढील तीन वाक्ये आली आहेत, असे समजू.

पहिले वाक्य : ‘हुंबोल्ट विद्यापीठ या रस्त्यावर १८१० साली स्थापन झाले.’

एक संपादक १८१० खोडून १८०९ लिहितो, दुसरा पुन्हा १८१० करतो आणि वाद वाढतो. वस्तुतः दोघांजवळही आधार आहे. स्थापनेची राजाज्ञा १८०९ सालची, तर अध्यापनास आरंभ १८१० साली झाला. म्हणून वर्ष खोडू नये. त्या वर्षी काय घडले ते लिहावे. शिवाय ‘हुंबोल्ट’ हे नाव विद्यापीठास १९४९ साली मिळाले. आजचे नाव जुन्या काळास चिकटविले की वाचकाची फसगत होते. शुद्ध वाक्य असे होईल : ‘बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेची आज्ञा १८०९ साली निघाली, अध्यापन १८१० साली सुरू झाले आणि १९४९ साली त्यास हुंबोल्ट हे नाव देण्यात आले.’

दुसरे वाक्य : ‘येथील झाडे पावणेचारशे वर्षांची आहेत.’

१६४७ सालची लागवड खरी आहे, परंतु तीवरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. १९३० नंतरच्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामासाठी येथील झाडे तोडण्यात आली; पुढे महायुद्धात रस्त्याची मोठी हानी झाली व युद्धानंतर नवी लागवड झाली. लागवडीची परंपरा जुनी, वृक्ष मात्र नवे. ऐकावयास गोड असलेले वाक्य दुप्पट काळजीने तपासावे, हा येथील धडा होय.

तिसरे वाक्य : ‘ऑपेरागृहालगतच्या चौकात १९३३ साली काही पुस्तके जाळली गेली.’

यातील एकही शब्द खोटा नाही, आणि तरीही वाक्य अप्रामाणिक आहे. कोणी जाळली? कोणाची? किती? कर्ता गाळल्याने अपराध नाहीसा होतो. याउलट एखादा संतप्त संपादक ‘राक्षसी’, ‘नीच’ अशी विशेषणे घालील. त्यानेही माहितीत भर पडत नाही. निःपक्षपातीपणा म्हणजे मौन नव्हे. असे लिहावे : ‘१० मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ज्यू, समाजवादी व इतर लेखकांची हजारो पुस्तके येथे जाळण्यात आली, त्या प्रसंगी मंत्री गोबेल्स याचे भाषण झाले.’ येथे विशेषणाची गरज उरत नाही. बेबेलप्लात्झ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चौकात १९९५ साली स्मारक झाले. फरसबंदीतील काचेतून खाली पाहिले असता पुस्तकांविना मांडण्या दिसतात.

कृतीचा क्रम

१. प्रथम ‘इतिहास पहा’ उघडून पूर्वी कोणी काय बदलले ते वाचावे.
२. ‘चर्चा’ पानावर वाद चालू आहे काय, ते पाहावे.
३. विश्वसनीय ग्रंथाचा आधार मिळवावा. ‘मला ठाऊक आहे’ हा आधार नव्हे.
४. चुकेल तेवढेच बदलावे; दुसऱ्याचे चांगले वाक्य केवळ आपल्या शैलीसाठी मोडू नये.
५. आधाराचा निर्देश करून ‘संपादन सारांश’ या जागी बदलाचे कारण एका ओळीत लिहावे.
६. आपला बदल कोणी परतविला तर रागाने पुन्हा तोच न करता चर्चा पानावर पुरावा मांडावा.

जर्मन आवृत्तीत २००८ सालापासून नवख्याचा बदल अनुभवी संपादकाने पाहिल्यावरच सर्वसाधारण वाचकांस दिसतो. यात अपमान मानू नये. आपणही मुलांच्या वह्या तपासतोच.

या शिस्तीचा खरा उपयोग वर्गात आहे. फळ्यावर आपल्या हातून चुकीचे साल लिहिले गेले, तर ते हळूच पुसून पुढे जाण्याचा मोह होतो. तसे न करता ‘माझी चूक झाली, अमुक पुस्तकात असे आहे’ हे मुलांसमक्ष सांगावे. शिक्षकाचा मान त्याने घटत नाही. आणि सत्य हे पदावर नव्हे तर पुराव्यावर ठरते, हे मूल त्या एका क्षणात शिकते.

स्वाध्याय

१. पाठ्यपुस्तकातील किंवा विकिपीडियातील एक परिच्छेद घेऊन त्यातील प्रत्येक सालापुढे ‘त्या वर्षी नेमके काय घडले?’ हा प्रश्न लिहा व उत्तर शोधा.
२. कर्ता गाळलेली तीन वाक्ये शोधून, आधार मिळाल्यास कर्त्यासह पुन्हा लिहा.
३. इयत्ता चौथीच्या मुलांकडून शाळेच्या इतिहासाची दहा ओळींची नोंद लिहून घ्या, व प्रत्येक ओळीस ‘हे कशावरून?’ असे विचारा.