कोकमाचे सरबत आणि सोडियम बेन्झोएट

कोकणात उन्हाळ्याच्या अखेरीस रातांबे पिकतात. त्यांच्या सालींत साखर मुरवून केलेले अमृतकोकम पुढील हंगामापर्यंत टिकावे, अशी गृहिणीची व लहान उत्पादकाची अपेक्षा असते. दाट साखरेत सूक्ष्मजीव सहसा वाढत नाहीत; परंतु पाक पातळ राहिला अथवा बाटलीत ओलावा शिरला, की किण्व आणि बुरशी यांचे फावते व बाटली फसफसू लागते. हे टाळण्यासाठी जे लवण वापरतात, ते सोडियम बेन्झोएट होय. वेष्टनावर '२११' हा परिरक्षकाचा क्रमांक आढळला, तर तो याच लवणाचा समजावा.

खरे परिरक्षक मात्र हे लवण नव्हे, तर त्यातून मुक्त होणारे बेन्झोइक आम्ल होय. ऊद अथवा लोबान या सुगंधी राळेत हे आम्ल सापडते. पण ते पाण्यात फारच थोडे विरघळते : १०० मिलिलिटर थंड पाण्यात अर्धा ग्रॅमही नाही. तेवढ्याच पाण्यात त्याचे सोडियम लवण ५० ग्रॅमांहून अधिक विरघळते. म्हणून लवणाची योजना.

आता प्रश्न असा, की लवणाचे आम्ल होते कसे? ते काम पदार्थाचा आंबटपणा करतो. आम्लता पीएच या अंकाने मोजतात. अंक लहान, तर आम्लता अधिक. पीएच ४.२ असता विरघळलेल्या बेन्झोएटाचा निम्मा भाग आम्लरूपात असतो, ३.२ असता सुमारे नऊ-दशांश. दुधाचा पीएच साडेसहाच्या पुढे असल्याने तेथे हा भाग शेकडा एकाहूनही कमी राहतो. आम्लरूपातील रेणूच सूक्ष्मजीवाच्या पेशीपटलातून आत शिरू शकतो. पेशीच्या आत आम्लता कमी असल्याने तेथे त्याचे विघटन होते व पेशीच आंबू लागते. ही आम्लता बाहेर टाकण्यात तिची शक्ती खर्ची पडते आणि वाढ खुंटते.

यावरून दिसून येईल, की आंबट कोकमात जे लवण उत्तम काम देते, तेच बिनआंबट पदार्थात निरुपयोगी ठरते. तेथे मात्रा वाढविणे हा उपाय नव्हे. कमी आंबट फळांच्या रसात म्हणूनच सायट्रिक आम्ल घालून आम्लता राखतात.

कोकमासाठी हेच लवण निवडण्याचे आणखी एक कारण आहे. लिंबाच्या किंवा आंब्याच्या सरबतात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चालते. पण त्यापासून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू कोकमातील अँथोसायनिन या तांबड्या रंगद्रव्याचा रंग उडवितो. बेन्झोएटाने तो उडत नाही.

प्रमाणाविषयी दक्षता अवश्य हवी. १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशाने सरबतांच्या पाकात किलोमागे ६०० मिलिग्रॅम बेन्झोइक आम्लाची कमाल मर्यादा घातली होती. सोडियम बेन्झोएटाच्या रूपात हे वजन सुमारे ७०० मिलिग्रॅम भरते; म्हणजे दहा किलो पाकाला अवघे सात ग्रॅम. एवढे लवण चमच्याच्या अंदाजाने नव्हे, तर तराजूनेच मोजावे, आणि थोड्या उकळलेल्या पाण्यात विरघळवून सर्व पाकात सारखे मिसळावे. शरीरात अल्प प्रमाणात गेलेले बेन्झोइक आम्ल ग्लायसीनशी संयोग पावून हिप्युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रावाटे निघून जाते. तथापि याचा अर्थ मर्यादा ओलांडण्यास मुभा आहे, असा नव्हे.

शेवटी एवढे ध्यानी ठेवावे, की परिरक्षक चांगला पदार्थ राखतो. बिघडलेला सुधारीत नाही. नासकी फळे, अस्वच्छ भांडी व ओल्या बाटल्या यांचा दोष सात ग्रॅम लवणाने झाकता येत नाही.