गिनीपिगचा मेळावा भरवण्याआधी

पुण्यातल्या एका सोसायटीची हिरवळ, फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळचे साडेदहा. मधोमध जाळीचं एकच मोठं कुंपण आणि त्यात तेवीस गिनीपिग. भोवती चौदा कुटुंबं मोबाइल सरसावून उभी. मुलं कोथिंबिरीच्या काड्या पुढे करत होती आणि आतली जनावरं एकमेकांच्या अंगाखाली तोंड खुपसून एका कोपऱ्यात गोळा झाली होती. "बघा, लगेच गट्टी जमली यांची!" एक काकू कौतुकाने म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मेळाव्याची आखणी माझीच होती.

भेदरलेला गिनीपिग असाच वागतो, हे तेव्हा जमलेल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

अँडीज पर्वतातल्या लोकांनी हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात पोचला. इतक्या पिढ्या माणसाच्या घरात काढूनही पाठीवरून सावली सरकली की जागीच थिजायचं, हे त्याच्या रक्तातून गेलेलं नाही. सोबतीशिवाय तो झुरतो, हे खरं. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनुसार एकटा गिनीपिग ठेवताच येत नाही. पण सोबत म्हणजे रोजचा, वासाने ओळखीचा झालेला जोडीदार. अनोळखी नर समोर आला की आधी घुरघुर, मग कंबर डोलवत चालणं, मग दात कटकटवणं. हा दातांचा आवाज आला की लगेच वेगळं करायचं असतं, आणि तेही हात मध्ये न घालता, जाड टॉवेल टाकून. त्या सकाळी आवाज ऐकू आला, पण त्याचा अर्थ कळला नाही. एका नराचा कान फाटला.

उन्हाने त्याहून मोठा घात केला. १८ ते २४ अंश सेल्सियस हवा गिनीपिगला मानवते. पारा २६ च्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो. पुण्यात फेब्रुवारीची सकाळ बोचरी असते, पण दुपारी तिशी सहज ओलांडते. निमंत्रणात नऊची वेळ होती, माणसं जमता जमता दीड तास गेला. लांब केसांचा लाडू पोट जमिनीला टेकवून आडवा पडला, तेव्हा तो झोपलाय असंच वाटलं. उचलल्यावर कान चटका बसावा इतके गरम, हनुवटी लाळेने भिजलेली, श्वास तोंडाने चाललेला. सावलीत नेऊन पायांना आणि कानांना साध्या गार पाण्याचं ओलं फडकं लावलं आणि थेट पशुवैद्यांकडे पळालो. लाडू वाचला. अशा वेळी बर्फाचं पाणी ओतू नये. एकदम गारठवल्याने जीव आणखी धोक्यात येतो.

माळीकाकांशी आधी बोलायलाही हवं होतं. हिरवळीवर दोन दिवसांपूर्वी कीटकनाशक मारल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. कुंपणाला कण्हेर लावलेली होती, आणि कण्हेरीचं पान म्हणजे गिनीपिगला विषच. वर घार घिरट्या घालत होती. ती एकदा खाली झेपावली तेव्हा मुलांच्या आरड्याने परत फिरली.

एका घरचा ससाही हौसेने आणला होता. ससे आणि कुत्रे बोर्डेटेला नावाचा जिवाणू नाकाघशात बाळगतात, बऱ्याचदा त्यांना स्वतःला काही होत नाही. गिनीपिगला मात्र त्याने न्यूमोनिया होऊ शकतो. त्यातून निभावलं. पण पुढच्या पंधरा दिवसांत चार घरच्या जनावरांना खाज सुटली आणि एका मुलीच्या मनगटावर नायटा उठला.

भुरीबद्दल लिहिताना अजून हात अडखळतो. दहा महिन्यांची, तपकिरी, सहावीतल्या एका मुलीची लाडकी. त्या दिवशी कुंपणात जी 'मादी' तिच्या मागे मागे फिरत होती, ती नर निघाली. दुकानदाराने मादी म्हणून विकली आणि घरच्यांनी कधी तपासून पाहिलं नाही. गिनीपिगचा नर जेमतेम तीन आठवड्यांचा असतानाच बाप होऊ शकतो. मादीचं पहिलं बाळंतपण मात्र साधारण सहा-आठ महिन्यांच्या वयाआधी झालं नसेल, तर ओटीपोटाच्या हाडाचा सांधा घट्ट होत जातो आणि पिल्लू अडकण्याचा धोका वाढतो. गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा. एप्रिलच्या एका रात्री भुरी अडली. ऑपरेशन करावं लागलं. दोन पिल्लं जगली, भुरी गेली.

मेळावा भरवूच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. गिनीपिग पाळणारी माणसं आपल्याकडे विखुरलेली आहेत, आणि त्यांनी एकत्र बसून बोलण्याची फार गरज आहे. या प्राण्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोजच्या खाण्यातून द्यावं लागतं. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना १९०७ मध्ये स्कर्व्हीचा माग लागला तो याच कारणाने, गिनीपिगवरच. रोज ढोबळी मिरचीची फोड दिली तरी बराच फरक पडतो. पेनिसिलिनच्या वर्गातली माणसांची औषधं तोंडाने दिली तर त्याच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि जनावर दगावू शकतं. शेजारच्या घराने आधी सांगितलं असेल, तर अशी चूक टळते.

म्हणून भेट माणसांची ठेवावी आणि जनावरांना आपापल्या कुंपणातच राहू द्यावं. दर घराला वेगळी जाळी, दोन जाळ्यांत हातभर अंतर, आत घरचाच जोडीदार. वर शेडनेट ताणली की घार आणि ऊन दोन्हींची सोय होते. लपायला पुठ्ठ्याचं खोकं, आणि त्याला दोन दारं, म्हणजे एकाने दुसऱ्याला आत कोंडता येत नाही. पोट टेकवायला रात्रभर गारव्यात ठेवलेला शहाबादी फरशीचा तुकडा. गवत, पाणी, वाटी घरूनच. दुसऱ्याच्या जनावराला काही भरवायचं नाही. कुणाला खाज, शिंका, केस गळणं असेल त्याने जनावर घरी ठेवून एकट्याने यावं. नवं आणलेलं जनावर तीन आठवडे तरी कुठेच नेऊ नये. मुलांनी खाली मांडी घालून बसावं आणि मगच मांडीवर घ्यावं. उभ्या मुलाच्या हातून निसटलेला गिनीपिग पाठीचा कणा मोडून घेतो. घरी गेल्यावर तो गवत खातोय ना, लेंड्या पडताहेत ना, हे रात्री आणि सकाळी बघावं. बारा तास तोंडाला काही लावलं नाही, तर डॉक्टर गाठायचे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

यंदाचा मेळावा साडेसातला सुरू होऊन नऊला संपला. आठच घरं बोलावली होती. दाराशी एक डॉक्टर प्रत्येक जनावराचं लिंग आणि कातडी तपासत होते, आणि त्यांच्या शेजारी वही घेऊन भुरीची ती छोटी मालकीण बसली होती. भुरीच्या दोन्ही लेकी तिच्या मागच्या जाळीत होत्या. नावं लिहून होईपर्यंत त्या खोक्याबाहेर आल्या नाहीत. मग एक आली, फरशीवर पसरली आणि कोथिंबीर चावू लागली.